फाशी की जन्मठेप : विनिच्छय आणि खैरलांजी

पालि वाङ्मयात न्यायनिवाड्यास 'विनिच्छय' अशी संज्ञा आहे. धम्मपदाच्या धम्मट्ठवग्गात, अविचाराने निवाडा करणाऱ्यास 'धम्मट्ठ' म्हणता येत नाही, असे प्रतिपादन आहे. अट्ठकथेनुसार त्याचे निमित्त मोठे बोलके आहे : पाऊस आला म्हणून न्यायशाळेत आसऱ्यास गेलेल्या भिक्खूंनी तेथे लाच घेणारे न्यायाधीश पाहिले. लाचेचा दोष उघड असतो. परंतु प्रामाणिक न्यायाधीशाच्या हाती मनुष्याचे मरण वा जीवन असेल, तर त्याचा विनिच्छय कशाने बांधलेला असावा?

मालवण किनाऱ्यावरील गावी खून झाला, तर खटला ओरोसच्या सत्र न्यायालयात चालतो. गुन्हा शाबीत झाल्यास मृत्युदंड किंवा जन्मठेप, एवढेच दोन पर्याय असतात. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ मध्ये तेच होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्येही तेच आहेत. १९५५ पर्यंत फाशी न दिल्यास न्यायाधीशास कारणे नमूद करावी लागत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने हे उलटविले. फाशी द्यावयाची तर 'विशेष कारणे' लिहिणे आवश्यक झाले. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणापुरतीच फाशी राखून ठेवली आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करावा, असे सांगितले. शिवाय सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अमलात येत नाही. आपल्या जिल्ह्याची अशी प्रकरणे ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात.

१९८३ च्या मच्छीसिंग निकालाने फाशीस पात्र प्रकरणांचे काही वर्ग सांगितले. त्यांपैकी एक आमच्या वाचकांनी ध्यानी घ्यावा : अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा खून वैयक्तिक कारणास्तव नव्हे, तर सामाजिक क्षोभ उसळेल अशा परिस्थितीत झालेला असणे. सारी मेख 'वैयक्तिक' या शब्दात आहे.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील माता, कन्या आणि दोन पुत्र यांची जमावाने हत्या केली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. मात्र अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही, असे ठरविले. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. हे कृत्य जातीय नसून सूडाचे आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. माता व कन्या यांनी एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिली, त्याचा तो सूड.

फाशी टळली म्हणून आम्ही खेद करीत नाही. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फाशीच्या अपिलांचा वाद घालण्यापेक्षा मृत्युदंडच रद्द करणे इष्ट, असे मत मांडले होते; अहिंसा हे या देशाचे नैतिक शासन आहे, आचरणात ते कितीही उणे पडो, अशी त्यांची भूमिका होती. आमचे मतही तेच आहे. आमचा आक्षेप शिक्षेच्या मापावर नाही, कारणांवर आहे. एका बौद्ध स्त्रीने पोलिसांपुढे साक्ष द्यावी, एवढ्यावरून गावाचा जमाव तिच्या घरावर चालून जातो. तेव्हा त्या सूडातून जात वजा कशी करावयाची, याचे उत्तर निकालपत्रात सापडत नाही.