पाण्याकाठचा दगड

सीलरच्या डब्यावरची माहिती बहुतेक वेळा थंड मुलखाचा विचार करून लिहिलेली असते. दगडात पाणी मुरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि दगड फोडतं, म्हणून हा थर द्या. बुलढाणा जिल्ह्यात पाणी काही गोठत नाही. इथे दगडाच्या मुळावर येतात ते मे महिन्याचं ऊन, पावसाळ्यातलं शेवाळ आणि बारमाही खार. अंगणातल्या फरशीला किंवा पोहण्याच्या तलावाच्या काठाला काय लावायचं हे ठरवण्याआधी जिल्ह्यातले पाण्याकाठचे जुने दगड एकदा बघून घ्यावेत.

सुरुवात लोणारपासूनच. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, सभोवती बेसाल्ट, आणि तळाशी सामू 10 च्या आसपास असलेलं पाणी. काच आणि साबणाला लागणारा इथला खार ‘आईन-इ-अकबरी’नेही नोंदवला आहे. 2020 मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा देशभर फोटो फिरले, त्याच वर्षी ते पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेलं. पण खाऱ्या पाण्याकाठी दगडात जे घडतं त्याचा फोटो निघत नाही. पाणी बारीक छिद्रांतून वर चढतं, उन्हाने उडून जातं, खार मागे राहतो. त्याचे स्फटिक आतल्या आत वाढतात आणि एक दिवस दगडाची साल सुटते. अशा दगडावर चकचकीत लेप चढवला, तर स्फटिक लेपामागे साचतात आणि पापुद्रा आणखी जाड निघतो. विवराच्या कडेवरची गोमुखाची धार मात्र गोड्या पाण्याची. तिथल्या कुंडासारख्या जागी दगडाला त्रास साबणाचा, तेलाचा, शेवाळाचा. तिथे ताठ ब्रश आणि हात जे काम करतील ते कुठलंही रसायन करणार नाही.

बेसाल्टही एकजात नसतो. घट्ट काळा पाषाण पाणी फारसं पीत नाही. पोकळ्यांत पांढरी खनिजं आणि माती भरलेला दगड लवकर झिजतो. सिंदखेडराजाला 2024 मध्ये लखुजी जाधवांच्या समाधीजवळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली, ती बेसाल्टची नाही, क्लोराइट शिस्ट या मऊ दगडाची आहे. जमिनीत शतकानुशतकं ओला राहिलेला दगड उन्हात घाईने वाळवला तर आतला खार पृष्ठभागाशी येऊन नक्षीच उडवतो. म्हणून जाणकार ओल्या कागदाच्या लगद्याने खार हळूहळू शोषून घेतात. लेपाची गोष्ट त्यानंतरची.

त्याच गावातली पुतळा बारव पाहताना मूर्तींपाशी थांबतोच आपण, पण सांध्यांकडेही बघावं. जुन्या बारवांत दगडावर दगड बसवलेला असतो, पाण्याला आत-बाहेर करायला वाट असते. डागडुजीत सांधे सिमेंटने बुजवले की ओल दगडातूनच बाहेर पडू लागते, आणि झिजतो तो दगड, सिमेंट नव्हे. गूळ, बेलफळाचा गर घालून घाण्यात मळलेला चुना मऊ राहायचा, दगडाआधी स्वतः झिजायचा. ‘पक्कं काम’ या शब्दाने आपल्याकडे बरंच नुकसान केलं आहे, असं माझं मत.

आता घराकडे. शहाबादी, कोटा, कडप्पा हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे. त्यांच्यावर लिंबू सांडलं की निस्तेज डाग उरतो, सीलर असला तरी. फरशी घासायला ॲसिड वापरणाऱ्या गवंड्याला म्हणूनच वेळीच थांबवावं. सीलर हवाच असेल तर आधी फरशीवर पाण्याचा थेंब सोडावा. तो तसाच बसून राहिला तर खर्च वाचला. दगड काळपट पडला तर थर उपयोगाचा. ॲक्रिलिकचा थर वर बसतो, चमकतो, ओल्या पायाखाली निसरडा होतो, पुढे सोलतो. सायलेन-सिलॉक्सेन आत शिरतं, पाणी अडवतं पण वाफ जाऊ देतं. पाण्याकाठी हेच घ्यावं, तेही दगड पूर्ण कोरडा झाल्यावर, उरलेलं लगेच पुसून. मात्र मीटरला सेंटीमीटरभर उतार नसेल आणि पाणी साचत असेल, तर भारीतला सीलरही फुकट. मिठाच्या क्लोरिनेटरवर चालणाऱ्या तलावाचा काठ म्हणजे घरातलं लोणारच. तो रोज साध्या पाण्याने धुवावा.

आणि काळ्या दगडाच्या काठावर मे महिन्यात दुपारी अनवाणी पाऊल टेकवत नाही, यावर सीलरच्या कोणत्याच डब्यात उपाय नाही. त्यासाठी फिकट, खरबरीत दगड निवडावा, नाहीतर देवळात अंथरतात तशी काथ्याची चटई.