जेजुरीचे खंडोबा मंदिर

जेजुरी हे पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील तीर्थक्षेत्र असून ते पुणे शहरापासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर आहे. येथील डोंगरावर खंडोबाची दोन मंदिरे आहेत. अधिक उंचीवरील कडेपठार हे मूळ व प्राचीन स्थान मानले जाते, तर त्याच्या खालच्या टेकडीवरील तटबंदीयुक्त मंदिर गडकोट या नावाने ओळखले जाते. मल्हारी, मार्तंड भैरव, म्हाळसाकांत या नावांनीही पूजला जाणारा खंडोबा हा महाराष्ट्रातील अनेक जातिजमातींच्या कुटुंबांचे कुलदैवत आहे. कर्नाटकात तो मैलार, तर आंध्र प्रदेश व तेलंगणात मल्लण्णा या नावाने परिचित आहे.

मणी-मल्लांची कथा

‘मल्हारी माहात्म्य’ या संस्कृत ग्रंथानुसार मणिचूर्ण पर्वतावर तपश्चर्या करणाऱ्या ऋषींना मणी व मल्ल या दैत्य बंधूंनी छळले. ऋषी प्रथम इंद्राकडे, नंतर विष्णूकडे आणि शेवटी शंकराकडे गेले. शंकराने मार्तंड भैरवाचे रूप धारण करून सात कोटी सैन्यासह दैत्यांशी युद्ध केले. ‘येळकोट’ या जयघोषाचा संबंध या सात कोटींशी जोडला जातो. कन्नडमध्ये ‘एळु’ म्हणजे सात. मरतेसमयी मणी शरण आला आणि देवाजवळ कायमचे स्थान मागून घेतले. म्हणूनच खंडोबाच्या ठाण्यांत मणीचीही पूजा होते. देवाला शाकाहारी नैवेद्य असतो, बळीचा मान मात्र मणीकडे जातो. मल्लाचे शिर पायरीशी असून भक्तांचे पाय त्यावर पडतात, अशी समजूत आहे. हा विजय मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस झाला, असे मानतात.

कडेपठार ते गडकोट

एकाच देवाची दोन मंदिरे का, याचे उत्तर स्थानिक आख्यायिका देते. कडेपठाराची नित्य वारी करणारा एक भक्त वृद्धापकाळी चढणीने थकला. देवाने त्याला सांगितले, ‘तू पुढे चाल, मी मागून येतो, मात्र मागे वळून पाहू नकोस.’ वाटेत भक्ताने वळून पाहिले आणि देव तेथेच थांबला. ती जागा म्हणजे आजचा गडकोट होय. भक्ताला चढता येईना म्हणून देवच खाली उतरला, हे या कथेचे सार आहे. आज बहुसंख्य यात्रेकरू गडकोटावरच दर्शन घेतात. तरीही कडेपठाराचे मूळ स्थान म्हणून असलेले महत्त्व कायम आहे.

म्हाळसा आणि बानू

लोकपरंपरेत देवाच्या दोन पत्नींना विशेष स्थान आहे. म्हाळसा ही नेवाशाच्या लिंगायत वाण्याची कन्या. तिचा विवाह पाली येथे पौष पौर्णिमेस झाला, असे मानतात. बानू किंवा बाणाई ही धनगरकन्या. तिच्यासाठी देवाने तिच्या घरी मेंढपाळाची चाकरी पत्करली. दोघींच्या भांडणाची गाणी जागरणात आवडीने गायिली जातात. ही कथा डोंगराच्या रचनेतही दिसते : म्हाळसा वर देवाशेजारी आहे, तर बानूचे मंदिर पायऱ्यांच्या वाटेवर मध्येच आहे. वाणी आणि धनगर या दोन्ही समाजांचा देवाशी सोयरसंबंध या कथांनी प्रस्थापित होतो.

बांधकाम व राजाश्रय

गडकोटाचे आजचे स्वरूप अनेक पिढ्यांच्या दानांतून घडले आहे. मार्गावरील दीपमाळा व कमानी भक्तांच्या नवसांची साक्ष देतात. शहाजीराजे व शिवाजी महाराज यांची भेट जेजुरीस झाली, अशी परंपरा आहे. अठराव्या शतकात इंदूरच्या होळकरांनी तटबंदी व ओवऱ्यांच्या कामास मोठा हातभार लावला. होळकर हे धनगर समाजातील घराणे असून खंडोबा त्यांचे कुलदैवत होते. घराण्याचे संस्थापक मल्हारराव यांचे नावही देवाच्या मल्हारी या नावाशी जुळते. गावातील होळकर तलाव व पेशवे तलाव यांतून या काळातील राजाश्रयाची आठवण टिकून आहे.

वाघ्या-मुरळी व सुधारणा चळवळ

नवस फेडण्यासाठी मुलांना देवाला वाहण्याची प्रथा पूर्वी होती. अशा मुलास वाघ्या, तर मुलीस मुरळी म्हणत. जागरणाची गायनपरंपरा त्यांनी जोपासली. परंतु मुरळीचे लग्न देवाशी लावले जात असल्याने तिला संसाराचा हक्क उरत नसे आणि अनेकींच्या वाट्याला शोषण येई. दलित कुटुंबांतील मुलींना याची झळ विशेष बसली. विसाव्या शतकाच्या आरंभी शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’मधून या प्रथेविरुद्ध लेखन केले, तसेच विठ्ठल रामजी शिंदे यांनी चळवळ चालविली. मुंबई प्रांतात देवाला मुली वाहण्याविरुद्ध १९३४ साली कायदा झाला. जागरणाचे गायन आजही चालू आहे. मुलगी वाहण्याला मात्र कायद्याने मनाई आहे.

उत्सव

सोमवती अमावास्येस पालखी कऱ्हा नदीवर स्नानासाठी जाते. त्या वेळी उधळलेल्या भंडाऱ्याने, म्हणजे हळदीच्या पुडीने, संपूर्ण गड पिवळा होतो. चंपाषष्ठीचा उत्सव सहा दिवस चालतो. नवविवाहित वराने वधूला उचलून काही पायऱ्या चढण्याची रीत येथे आहे. दसऱ्याच्या रात्री कडेपठार व गडकोट येथील पालख्यांची डोंगरात भेट होते. त्यानंतर गडावर जड खंडा उचलण्याची स्पर्धा रंगते. आख्यायिकेने वेगळी केलेली दोन स्थाने या भेटीत दरवर्षी एकत्र येतात.