आरोग्यविषयक लेखनाचा प्रस्ताव : संपादकाच्या बाजूने पाहता

आपल्या शाळेच्या स्मृतिव्याख्यान-पुस्तिकेसाठी लेख मागताना चिटणीसांनी एवढेच सुचविले की, विषय माजी विद्यार्थ्यांच्या कामी येणारा असावा. व्याख्यानास येणाऱ्या श्रोतृवर्गात डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, औषधविक्रेते आणि शिक्षक आहेत, लहानमोठे न्यास चालविणारी मंडळीही आहेत. या सर्वांना केव्हा ना केव्हा असे वाटते की, आरोग्यासंबंधी आपल्याला ठाऊक असलेली एखादी गोष्ट चार लोकांपर्यंत पोहोचावी. मग ते एखाद्या दैनिकाच्या पुरवणीस वा मासिकास पत्र लिहितात. बहुतेक पत्रांना उत्तर येत नाही, आणि संपादक मंडळी गर्विष्ठ असतात असा समज दृढ होतो. मी स्वतः वैद्यकीय व्यवसायातला नाही; परंतु एका मराठी नियतकालिकाचे आरोग्याचे पान मी एकवीस वर्षे सांभाळले. तेव्हा हा व्यवहार टेबलाच्या पलीकडील बाजूने कसा दिसतो, ते येथे सांगण्याचा प्रयत्न करतो.

सर्वप्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. विषय निराळा आणि वृत्तान्त निराळा. ‘मधुमेह’ हा विषय आहे; त्यावर लेख लिहून देतो असे सांगणारी पत्रे माझ्याकडे दर आठवड्याला येत. त्यांत काही चूक नसे, पण काही सांगण्यासारखेही नसे. मधुमेहाची लक्षणे वाचकाने पूर्वी दहा वेळा वाचलेली असतात. वृत्तान्त म्हटला की त्यात कोणीतरी काहीतरी केलेले असते, काहीतरी बदललेले असते किंवा बदलायला हवे असून बदललेले नसते, आणि ते अमुक एका ठिकाणी, अमुक एका काळात घडलेले असते.

याचे उत्तम उदाहरण आपल्या बेळगाव जिल्ह्यातच आहे, आणि ते येथील किती लोकांना ठाऊक आहे याविषयी मला शंकाच आहे. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूंचे एक प्रमुख कारण होय. तो रोखण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात; परंतु ते थंड जागी ठेवावे लागते आणि टोचणारे प्रशिक्षित माणूस लागते. ज्या घरी वा उपकेंद्रात बाळंतपण होत असे, तेथे या दोन्ही गोष्टींची वानवा. मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी मात्र शीतकपाटाशिवाय टिकते आणि तोंडाने घेता येते. ती मुळात जठरातील व्रणासाठी निघालेली. हीच गोळी प्रसूतीनंतर लगेच दिली तर रक्तस्राव कमी होईल काय, हे पाहण्यासाठी येथील जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतील विद्यापीठांच्या सहकार्याने २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांत चाचणी घेतली. १६२० स्त्रिया तीत सहभागी झाल्या. निम्म्यांना ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल, निम्म्यांना औषध नसलेली पण दिसायला तशीच गोळी. गोळी देणाऱ्या होत्या गावोगावच्या सहायक परिचारिका. २००६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले : अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. पुढे २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत या कामासाठी मिसोप्रोस्टॉलचा समावेश केला.

आता असे समजा की, यातील एखादी परिचारिका आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी आहे आणि तिला यावर लिहावयाचे आहे. ‘प्रसूतीनंतरची काळजी’ असा लेख देऊ केला तर संपादक तो बाजूला ठेवील. ‘आमच्या उपकेंद्रात शीतकपाट नव्हते; तरीही रक्तस्राव निम्म्यावर कसा आला’ असे तिने लिहिले, तर कोणताही जाणता संपादक खुर्चीत सरळ होऊन बसेल. दोन्हींत माहिती तीच आहे. दुसऱ्यात मात्र ठिकाण, अडचण, माणसे आणि निकाल हे सारे एका ओळीत आलेले आहे.

येथेच आकड्यांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आरोग्याच्या पानावर सर्वाधिक फसगत आकड्यांनीच होते. वरील चाचणीत तीव्र स्वरूपाचा रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. हेच ‘८० टक्क्यांहून अधिक घट’ असेही लिहिता येते आणि ‘हजारी बारावरून दोनवर’ असेही लिहिता येते. दोन्ही खरे आहे. पण पहिल्या वाक्यातून वाचकास असे वाटते की शंभरातील ऐंशी स्त्रियांचा जीव वाचला. सर्वांत प्रामाणिक वाक्य शोधनिबंधातच दिलेले आहे : अठरा स्त्रियांना गोळी दिली असता एकीचा अतिरक्तस्राव टळतो. गोळी घेणाऱ्यांत थंडी वाजणे आणि ताप येणे यांचे प्रमाण अधिक होते, हेही त्यात नोंदलेले आहे. प्रस्ताव पाठवणाऱ्याने आपण होऊन हा दुसरा भाग लिहिला, तर त्याच्या पहिल्या भागावर माझा विश्वास चटकन बसतो. लपवलेली उणीव पुढे वाचकाच्या पत्रातून बाहेर येतेच, आणि तोवर अंक छापून गेलेला असतो.

अतिशयोक्ती केल्याशिवाय कोणी छापत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. त्यास पुराव्याचे पाठबळ नाही. ब्रिटनमधील २० नामवंत विद्यापीठांनी २०११ साली काढलेल्या ४६२ प्रसिद्धिपत्रकांची तपासणी कार्डिफ विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने झाली आणि ती २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. ४० टक्के पत्रकांत मूळ शोधनिबंधापेक्षा अधिक ठाम सल्ला दिलेला होता. प्राण्यांवरील प्रयोगांसंबंधीच्या पत्रकांपैकी ३६ टक्क्यांत तो निष्कर्ष माणसाला लागू करण्यात मर्यादा ओलांडलेली होती. पत्रक फुगवलेले असले की बातमीही बहुधा फुगलेली निघे. मात्र फुगवलेल्या पत्रकाची बातमी होण्याची शक्यता त्यामुळे वाढते, असे काही आढळले नाही. म्हणजे वृत्तपत्रांना दोष देण्याआधी पत्रक लिहिणाऱ्यांनी स्वतःकडेही पाहावे, असे म्हणण्यास जागा आहे. संपादक म्हणून मला हा निष्कर्ष वाचून थोडा दिलासा मिळाला, हे नाकारत नाही.

पत्राचे म्हणाल तर ते एका पानाचे असावे. आपण कोण, या गोष्टीशी आपला संबंध कसा आला, नवे ते काय, त्याला आधार कोणता, आणि हे याच वाचकाने आताच का वाचावे, इतके आले की पुरे. पूर्ण लेख न मागता पाठवू नये; पहिला परिच्छेद मात्र जरूर जोडावा, कारण लेखणी कशी चालते ते त्यावरून कळते. ज्या पानाला लिहावयाचे त्याचे मागील चार-सहा अंक वाचलेले असावेत. गेल्याच महिन्यात छापलेला विषय पुन्हा देऊ करणारी पत्रे पाहिली की मन खट्टू होते. २४ मार्चचा क्षयरोगदिन किंवा ऑगस्टचा पहिला स्तनपानसप्ताह यांच्या निमित्ताने लिहावयाचे असेल, तर प्रस्ताव महिना-दीड महिना आधी यावा. आदल्या दिवशी आलेल्या पत्राचे कोणीच काही करू शकत नाही. एकच लेख एकाच वेळी तीन ठिकाणी पाठवण्याची प्रथाही सोडलेली बरी. तीन आठवड्यांनी एकदा विनयपूर्वक आठवण द्यावी आणि तरीही उत्तर नसेल तर निःशंकपणे दुसरीकडे जावे.

मला आलेल्या सर्वोत्तम पत्रांपैकी एक पत्र ना डॉक्टरचे होते, ना संशोधकाचे. ते एका ग्रामीण माध्यमिक शाळेतील शिक्षिकेचे होते. किशोरवयीन मुलींना शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी दिली जाते, हे आपणांस ठाऊक असेल. या बाईंच्या ध्यानात आले की मुली गोळी घेतात, पण गिळत नाहीत. खिशात टाकतात आणि वाटेत ओढ्यात फेकतात. कारण विचारता कळले की गोळी सकाळच्या तासाला रिकाम्या पोटी दिली जाई आणि मळमळ होई. बाईंनी मुख्याध्यापकांशी बोलून गोळीची वेळ दुपारच्या भोजनानंतर नेली आणि एक वर्ष नोंदवही ठेवली. पत्रात त्यांनी लिहिले होते की, आपण रक्त तपासलेले नाही, तेव्हा हिमोग्लोबिन वाढले असा आपला दावा नाही. गोळ्या गिळल्या जाऊ लागल्या, एवढेच आपण सांगू शकतो. ते वाक्य वाचून मी त्याच दिवशी होकार कळवला.

रुग्णांच्या कथांविषयी मात्र सावध राहावे. नाव बदलले की ओळख लपली, असे शहरात कदाचित होत असेल. ‘अमुक गावची, जुळ्या मुलांची आई असलेली, शिवणकाम करणारी विधवा’ असे लिहिल्यावर नाव बदलून काय साधले? गावात तशी एकच असते. लेख छापण्यापूर्वी तो त्या व्यक्तीला तिच्या भाषेत वाचून दाखवावा, आणि मग संमती घ्यावी. आजारी असताना दिलेली संमती बरे झाल्यावर माणसाला नकोशी वाटू शकते, म्हणून छापण्याच्या आधी पुन्हा विचारावे.

डॉक्टर मंडळींना आणखी एक बंधन आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार स्वतःची जाहिरात होईल किंवा रुग्ण ओढले जातील अशा प्रकारे रोग व उपचारांवर वृत्तपत्रांत लिहिणे डॉक्टरांना वर्ज्य आहे. सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, निरोगी राहणी यांवर मात्र स्वतःच्या नावाने लिहिण्यास पूर्ण मोकळीक आहे. लेखाखाली दवाखान्याचा पत्ता आणि दूरध्वनी छापा, असा आग्रह धरणाऱ्यांनी हा नियम एकदा वाचावा.

आता सहकार्याकडे, म्हणजे स्पष्टच बोलायचे तर पैशाकडे वळतो. पान चालवायला कागद लागतो, लेखकांना मानधन द्यावे लागते. रुग्णालये, औषधकंपन्या, विमाकंपन्या, पतसंस्था यांच्याकडे पैसा असतो. त्यांनी तो द्यावा यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो, त्या बदल्यात काय घेतले जाते याचा. जाहिरात ही जाहिरात म्हणून छापली तर वाचक फसत नाही. तीच लेखाच्या वेषात आली की फसतो. २००९ च्या निवडणुकांत, विशेषतः महाराष्ट्रात, पैसे घेऊन बातम्या छापल्याचे प्रकरण गाजले आणि २०१० साली भारतीय वृत्तपत्र परिषदेने त्यावर अहवाल दिला. राजकारणातील त्या प्रकाराची चर्चा पुष्कळ झाली. आरोग्याच्या पानावर हे अधिक काळ आणि अधिक शांतपणे चालत आले आहे, असे माझे मत आहे. येथे मत बदलत नाही, माणूस ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन झोपतो.

आमच्याही पानाला असा प्रसंग आला. एका मोठ्या खाजगी रुग्णालयाने वर्षभराचा सारा खर्च देऊ केला. सांधेदुखीवरील लेख त्यांच्याच डॉक्टरांचे असावेत आणि रुग्णालयांविषयी तक्रारीचे पत्र आले तर ते छापण्यापूर्वी त्यांना दाखवावे, अशा अटी होत्या. व्यवस्थापकांनी माझे मत विचारले. मी नकार द्यावा म्हटले आणि त्यांनी तो दिला. त्याची किंमत पडली. साप्ताहिक पान पाक्षिक झाले, लेखकांचे मानधन निम्म्यावर आले आणि दोन चांगले लेखक सोडून गेले. त्यांना दोष देता येत नाही. घर त्यांनाही चालवायचे होते. मराठीत आरोग्याविषयी निर्भीडपणे लिहिण्याची किंमत पूर्वीही स्वस्त नव्हती. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवले ते खटले आणि पैशाची चणचण सोसूनच.

पुढे एका पतसंस्थेशी करार झाला. रक्कम लहान होती, पण कागद स्वच्छ होता, आणि सहकार्याचा प्रस्ताव घेऊन जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी तसाच कागद मागावा असे सुचवतो. प्रायोजकाचे नाव पानाच्या माथ्यावर ठळक छापले जाईल. विषय आणि लेखक संपादक ठरवील. छापण्यापूर्वी मजकूर प्रायोजकास दाखवला जाणार नाही. प्रायोजकाशी संबंधित विषय आल्यास तो संबंध लेखातच सांगितला जाईल. आणि करार मध्येच मोडला तरी छापलेले लेख मागे घेतले जाणार नाहीत. या शेवटच्या कलमावर त्यांच्या वकिलांनी महिनाभर घोळ घातला. तेव्हा ते कलम महत्त्वाचे असणार, अशी माझी खात्री झाली.

औषध विकणाऱ्यांशी करार करताना १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा हाताशी ठेवावा. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू अशा अनेक विकारांवर औषध असल्याची जाहिरात करण्यास त्याने बंदी आहे. उंची वाढवून देण्याचा दावाही त्या यादीत येतो. जाहिरातदाराइतकाच ती प्रसिद्ध करण्यात भाग घेणाराही त्यात सापडतो. मधुमेह मुळापासून घालवणाऱ्या चूर्णाची पूर्ण पानाची जाहिरात घेऊन एक गृहस्थ आमच्या कार्यालयात आले होते, तेव्हा मी त्यांच्यासमोर त्या कायद्याची प्रत ठेवली. त्यांनी ती शांतपणे वाचली, घडी घालून परत दिली आणि विचारले, “मग पान लेख म्हणून घेता का?”