उद्याच निघायचे आहे: सुरतेहून थीम पार्कची सहल



आपल्या सुरतेत सुट्टी फार आधी कळत नाही. मिलमध्ये, लूम खात्यात किंवा टेक्सटाइल मार्केटमध्ये काम करणाऱ्याला दिवाळीनंतर लाभपाचमपर्यंत बंद असणार एवढे ढोबळ माहीत असते. पण आपल्या वाट्याला नेमके कोणते दिवस येणार आणि हिशेब कधी हातात पडणार, हे शेवटच्या आठवड्यात उलगडते. तोवर उधना-जळगाव मार्गावरच्या गाड्या भरून गेलेल्या असतात, गावी जाणे रहित होते आणि मुले म्हणतात, मग निदान इमॅजिकाला तरी न्या. उन्हाळ्यातही तेच. आखाजी करून कुटुंब परत आलेले असते, शाळा उघडायला थोडे दिवस उरलेले असतात, आणि वर्गात “वेकेशनमध्ये कुठे गेला होतास?” हा प्रश्न येणार हे मुलांना पक्के ठाऊक असते.

दर सुट्टीत मंडळात ही विचारणा होते: उद्या-परवा निघायचे आहे, कुठे जाता येईल? त्यासाठी हा लेख.

आमचे मत असे आहे की दिवस कमी असतील तर अंतर कमी करावे, ठिकाणे कमी करावीत, पण झोप आणि चौकशी कमी करू नये. बहुतेक ठिकाणी उलटे घडते. तीन दिवसांचा बेत एका दिवसात बसवण्यासाठी रात्री गाडी चालवली जाते आणि तिकीट, वेळा, नियम यांची चौकशी “तिथे गेल्यावर बघू” म्हणून सोडून दिली जाते. वर्षभरातून एकदा घडणाऱ्या सहलीत महिन्याची बचत खर्च होते. ती रांगेत आणि रस्त्यात संपू नये.

कोण येणार, परत कधी यायचे

ठिकाण निवडण्याआधी घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्क माणसाकडे बघा. मुलांना भिंतीला उभे करून उंची मोजा. हे काम दोन मिनिटांचे आहे, पण फार उपयोगी. मोठ्या राइडना कमीत कमी उंचीची अट असते, कारण सुरक्षेचा दांडा आणि पट्टे ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेले असतात; लहान मूल त्यातून निसटू शकते. बऱ्याच पार्कमध्ये लहान मुलांचे तिकीटही वयावर नसून उंचीवर ठरते. घरातली दोन्ही मुले त्या अटीत बसत नसतील, तर सव्वातीनशे किलोमीटर जाऊन ती बाहेर उभी राहून रडणार. आजी-आजोबांना गुडघेदुखी, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर दिवसभर उन्हात चालणे त्यांच्यासाठी सहल ठरत नाही. गरोदर बहिणींना तर बहुतेक राइड वर्ज्यच असतात.

मग परतीची वेळ ठरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कामावर हजर व्हायचे असेल, तर तिथून मागे हिशेब करत या. पार्क संध्याकाळी बंद होते, बाहेर पडायला अर्धा तास, मग जेवण, मग रस्ता. हा हिशेब कागदावर मांडला की बरीचशी नावे आपोआप गळतात.

जवळचे आधी

हातात एकच दिवस असेल तर शहराबाहेर जाऊ नका, असे आम्ही स्पष्ट सांगतो. पर्वत पाटियाकडचा वॉटर पार्क, जो आधी अमेझिया नावाने ओळखला जायचा आणि आता इमॅजिकाच्याच कंपनीकडे अ‍ॅक्वामॅजिका या नावाने आहे, तो लिंबायत, डिंडोली, उधना भागातल्या आपल्या घरांपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. घरची झोप घेऊन सकाळी उघडतानाच आत जाता येते. लूमच्या आवाजात रात्रपाळी करणाऱ्याला यापेक्षा सोयीचे काही नाही. मुले अगदी लहान असतील तर सरथाणाचे प्राणीसंग्रहालय, पालचे मत्स्यालय, सिटीलाइटचे विज्ञान केंद्र यांत दिवस मजेत जातो आणि खिशालाही भार पडत नाही. साप्ताहिक सुट्टीचा वार तेवढा आधी विचारून घ्या.

दीड दिवस असेल तर एकतानगर, म्हणजे जुने केवडिया. रस्त्याने साधारण दीडशे किलोमीटर. सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी खुला झाला. तो घडवणारे शिल्पकार राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, म्हणजे आपल्या खानदेशचेच, हे मुलांना आवर्जून सांगा. मुलांसाठी तिथे पोषण पार्क आहे. त्यात छोटी रेल्वे एकेका स्थानकावर थांबते आणि फळे-भाज्या, दूध, धान्य असे विषय खेळातून समोर येतात. शेजारी जंगल सफारी आहे. सोमवारी हे सारे बंद असते. रविवारची रात्र तिथे काढून सोमवारी बघू, हा बेत फसतो. पुतळ्याच्या आतल्या गॅलरीचे तिकीट वेगळे आणि वेळ नेमून दिलेले असते, त्यामुळे गर्दीच्या दिवसांत आदल्या रात्रीच बघून ठेवा.

दोन पूर्ण दिवस असतील आणि घरात वडीलधारी मंडळी असतील तर शिर्डी. एका बाजूला दर्शन, दुसऱ्या बाजूला वेट एन जॉय हा वॉटर पार्क आणि साईतीर्थ हे भक्तिपर थीम पार्क. साईतीर्थमधले खेळ बहुतेक छताखाली बसून बघायचे असल्याने आजींनाही त्रास होत नाही. गुरुवार मात्र टाळा. वाघई-सापुतारा-वणी-नाशिक हा रस्ता दिवसा सुंदर आहे. रात्री त्या घाटात जाऊ नका. २ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे यात्रेकरूंची एक खासगी बस सापुतारा घाटातच दरीत कोसळून माणसे दगावली.

आता इमॅजिका. मुलांना तेच हवे असते. आमच्या पिढीला गोराईचे एस्सेलवर्ल्ड टीव्हीच्या जाहिरातीतून पाठ होते. १९८९ मध्ये सुरू झालेले ते पार्क आता बंद झाले आहे, हे अजून काहींना माहीत नाही. इमॅजिका २०१३ मध्ये खोपोलीजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत सुरू झाले, पुढे त्याला वॉटर पार्क आणि स्नो पार्कची जोड मिळाली. या तिन्हींची तिकिटे वेगवेगळी असतात आणि एका दिवसात दोन करू पाहणारा दोन्हींत अर्धाच राहतो. तिथे राजासॉरस नावाची पाण्यातली सफर आहे. हा डायनासोर खरोखरचा: त्याची हाडे आपल्या गुजरातेत, बालासिनोरजवळच्या रैयोलीला सापडली आणि २००३ मध्ये त्याला नर्मदेवरून शास्त्रीय नाव मिळाले. मुलांना हे सांगितले की रांगेतला अर्धा तास बरा जातो.

पण सुरतेहून खोपोली सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. वसई ते पनवेल या पट्ट्यात वाहतूक कशी असेल याचा भरवसा नाही. सहा-सात तास धरा. एका दिवसात जाऊन-येऊन करण्याचे हे ठिकाण नव्हे. एक मुक्काम हवाच, आणि पनवेल, कल्याण किंवा पुण्यात नातेवाईक असतील तर आदल्या संध्याकाळीच त्यांच्याकडे पोहोचणे उत्तम. दिवसभर कामावर असलेल्या भावाला रात्री अकराला स्टिअरिंगवर बसवून सगळे मागे झोपतात, हे चित्र दर सुट्टीत दिसते. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर रात्रभर कंटेनर धावतात. गाडी भाड्याने करणार असाल तर चालकाला विचारा, तो आदल्या रात्री कुठे होता.

रेल्वेने जायचे तर आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, म्हणजे आपल्यासाठी ते गेलेलेच. उरते तत्काळ: गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी एसीसाठी सकाळी १० वाजता, स्लीपरसाठी ११ वाजता. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधारने पडताळलेले खाते लागते. ते काम आजच करून ठेवा, दहा वाजता करायला गेलात तर तिकीट गेले. पक्के झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत. तत्काळ हुकले तर पहाटेची फ्लाइंग राणी पकडून मुंबईपर्यंत आणि तिथून खोपोली लोकलने, असा मार्ग उरतो. महाराष्ट्रात एसटीने फिरणार असाल तर महिलांना राज्याच्या हद्दीत अर्धे तिकीट आहे, हेही लक्षात असू द्या.

आदल्या संध्याकाळी

तिकीट पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. घाईत शोधताना हुबेहूब दिसणारी खोटी पाने समोर येतात, आणि कोणीतरी फोन करून अर्ध्या किमतीत “ग्रुप बुकिंग” देऊ करतो. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. तिकिटाच्या किमतीत कर, लॉकर, पोशाखाचे भाडे आणि आतले जेवण मिळवून मगच माणशी खर्च काढा. तिकीट त्या तारखेपुरतेच असते का, पाऊस पडला तर काय, हे दोन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा. वीज चमकत असेल किंवा जोराचा पाऊस असेल तर उघड्यावरच्या मोठ्या राइड थांबवतात, आणि ते योग्यच आहे.

वॉटर पार्कचा पोशाख हा आपल्याकडच्या बायकांचा नेहमीचा अडसर. साडी, पंजाबी ड्रेस किंवा सुती कपडे घालून पाण्यात सोडत नाहीत. सुती कापड पाणी पिऊन जड होते, पायात अडकते, घसरगुंडीवर अटकते. त्याचे धागे गाळण यंत्रात जातात. नायलॉनचा पूर्ण बाह्यांचा आणि पायघोळ पोशाख मिळतो, संकोच वाटायचे कारण नाही. भाड्याने घेण्यापेक्षा आपल्याच मार्केटमध्ये तयार मिळाला तर बघा; कापडाच्या गावात राहून पोशाखाचे भाडे भरणे आम्हाला तरी पटत नाही. मंगळसूत्र, अंगठ्या, पैंजण घरीच ठेवा.

खाण्याचे बाहेरून आत नेऊ देत नाहीत, पण बाळाचे अन्न आणि औषधे सहसा चालतात. तरी दशम्या आणि ठेचा बांधून घ्याच. जाता-येता गाडीत पोट भरले की आतला खर्च निम्मा होतो.

नजर ठेवायची जागा

घाईच्या सहलीत सर्वांत आधी सुटते ती ही गोष्ट. २५ मे २०२४, शनिवार, उन्हाळी सुट्टी. राजकोटच्या गेमझोनमध्ये आग लागून २७ जण गेले, त्यात मुलेही होती. त्या जागेला अग्निशमन विभागाचा ना-हरकत दाखला नव्हता. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण होते आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. सुरतेला हे समजावून सांगावे लागत नाही. २०१९ च्या मे महिन्यातले सरथाण्याचे तक्षशिला आपण विसरलेलो नाही.

आपण काही तपासनीस नव्हे, पण डोळे सगळ्यांना असतात. छताखालच्या जागेत शिरताना बाहेर पडायचा दुसरा दरवाजा शोधा, आणि तो कुलूपबंद नाही ना ते बघा. परवाना लावलेला दिसत नसेल तर विचारा. राइडवर कर्मचारी प्रत्येकाचा पट्टा हाताने ओढून बघतो का, की नुसती शिट्टी वाजवतो? खोल पाण्याजवळ जीवरक्षक उभा आहे का, आणि त्याचे लक्ष पाण्याकडे आहे की मोबाइलकडे? बोटीत बसायचे तर आधी जॅकेट, मग पाय. उत्तर पटले नाही तर मुलाचा हात धरून बाजूला व्हा. भरलेले पैसे गेले तर गेले. सुट्टीत मैदानावर उभ्या राहणाऱ्या तात्पुरत्या पाळण्यांबाबत तर दुप्पट सावध राहा. ते काही दिवसांसाठी उभे करून पुन्हा सोडायचे असतात, आणि जोडणी नीट झाली की नाही हे जोडणाऱ्यालाच ठाऊक.

मोठ्या कुटुंबात “तो काकांबरोबर असेल” असे प्रत्येकाला वाटते आणि मूल कोणाबरोबरच नसते. म्हणून आत शिरताच माणशी मुले वाटून घ्या, नावानिशी. लहानग्याच्या दंडावर आत पेनाने फोन नंबर लिहा, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा म्हणजे पाण्यात पुसत नाही. चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवून मुलांना ती चालत जाऊन दाखवा. सकाळी निघताना सगळ्यांचा एक फोटो काढा. मुलाने त्या दिवशी कोणत्या रंगाचा शर्ट घातला होता, हे घाबरलेल्या आईला आठवत नाही.

मोठ्या राइड सकाळी पहिल्या दोन तासांत उरका, दुपारी छताखालचे खेळ, उन्हं कलली की पाणी. आणि बाहेर पडायची जी वेळ कागदावर लिहिली आहे, तिच्या अर्धा तास आधी मुलांना सांगायला सुरुवात करा.