जाऊ द्यायचं कुणाला? (बेसबॉलची बाराखडी : लेखांक ११)

वर्ल्ड सिरीजचा शेवटचा गडी बाद झाला की मैदानावरचं बेसबॉल संपतं आणि कागदावरचं सुरू होतं. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत एकही चेंडू टाकला जात नाही. तरीही सिअ‍ॅटलसारख्या गावात, जिथे डिसेंबरात दुपारी साडेचारलाच दिवे लावावे लागतात आणि पाऊस दिवसचे दिवस रेंगाळतो, या काळात माणसं भर उन्हाळ्यापेक्षा जास्त तावातावाने बेसबॉलवर बोलतात. विषय एकच असतो. संघात कोण राहणार, कोण जाणार आणि जाणाऱ्याच्या बदल्यात काय येणार.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या वाचकाने ते चित्र आधी डोक्यातून काढून टाकावं. बेसबॉलमध्ये हातोडा पडत नाही, एका दिवसात संघ उभा राहत नाही. मुख्य संघातली सहा वर्षांची चाकरी पूर्ण होईपर्यंत खेळाडू आपल्या क्लबला बांधलेला असतो. त्यातली पहिली तीन-एक वर्षं तो जवळजवळ किमान पगारावर काढतो. पुढची तीन वर्षं पगाराचा वाद झाला तर लवाद निकाल देतो. सहा वर्षं भरली आणि करार संपला की तो फ्री एजंट होतो आणि मनाला येईल त्या क्लबशी बोलणी करतो. मधल्या काळात क्लबने त्याला दुसऱ्या संघाकडे ट्रेड केलं, तर बहुतेक वेळा त्याला विचारावंही लागत नाही. सकाळी फोन येतो आणि संध्याकाळी बॅगा भरायच्या.

या वेठीविरुद्ध सेंट लुइस कार्डिनल्सचा सेंटर फील्डर कर्ट फ्लड उभा राहिला. १९६९ मध्ये त्याला फिलाडेल्फियाला धाडलं, तेव्हा तो गेला नाही, कोर्टात गेला. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात हरला आणि त्याची कारकीर्दही त्यातच संपली. पण पुढच्याच वर्षी खेळाडूंच्या संघटनेने एक कलम मिळवलं: मुख्य लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय ट्रेड करता येणार नाही. फ्री एजंटचा हक्क १९७५ च्या डिसेंबरात लवादाच्या निकालाने आला. दहा-आणि-पाचचं हे कलम लक्षात ठेवा, पुढे त्यावर बरंच अडणार आहे.

चाळीस जणांची यादी, डिसेंबरातला दुसऱ्यांचे नवखे खेळाडू उचलायचा दिवस, ज्यांच्यापुढे नवा करारच ठेवायचा नाही अशांची यादी, ही सगळी हिवाळ्याचीच कामं आहेत. पण त्यांची बातमी आतल्या पानावर येते. पहिल्या पानावर येतात ती मोठी माणसं, आणि मोठी माणसं गमावण्यात सिअ‍ॅटल मरिनर्सइतका अनुभव क्वचितच कुणाला असेल.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर या एका संघात रँडी जॉन्सन, केन ग्रिफी ज्युनियर आणि अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज असे तिघे एकत्र होते. पहिला त्या काळातला सगळ्यात भीतिदायक डावखुरा पिचर, दुसरा सगळ्यात देखणा फलंदाज, तिसरा विशीतच सर्वोत्तमांत गणला गेलेला शॉर्टस्टॉप. अडीच वर्षांत तिघेही गेले. गंमत म्हणजे तिघे तीन निरनिराळ्या दारांनी गेले.

जॉन्सनचं जाणं हिवाळ्यातलं नव्हे, १९९८ च्या ३१ जुलैचं, म्हणजे ट्रेडच्या मुदतीच्या दिवसाचं. करार संपत आला होता. वय पस्तिशीला टेकलं होतं, दोन वर्षांपूर्वी पाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि त्या मोसमात तो ९ जिंकून १० हरला होता. क्लबने त्याला ह्यूस्टनला देऊन फ्रेडी गार्सिया, कार्लोस गिएन आणि जॉन हलामा ही तीन अनोळखी पोरं घेतली. गावात संताप उसळला. त्यात जॉन्सनने ह्यूस्टनसाठी १० सामने जिंकून फक्त १ गमावला आणि पुढे अ‍ॅरिझोनात जाऊन १९९९ पासून सलग चार वर्षं सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला. म्हातारा झाला म्हणून दिला, हा हिशेब तर सपशेल चुकला. पण दिला तो रिकाम्या हाताने नाही.

ग्रिफीची गोष्ट वेगळी. ती मला आजही थोडी लागते. त्याला कुटुंबाजवळ राहायचं होतं. घर फ्लोरिडात ऑर्लँडोला आणि सिअ‍ॅटल म्हणजे देशाचं दुसरं टोक. १९९९ च्या ऑक्टोबरात जनरल मॅनेजर म्हणून पॅट गिलिक आले, तेव्हा हा जळता निखारा त्यांच्या ओंजळीत पडला. ग्रिफीकडे दहा-आणि-पाचचा हक्क होता. डिसेंबरात न्यूयॉर्क मेट्सशी जुळत आलेला सौदा त्याने मोडला. अखेर गाडी सिनसिनाटीवर येऊन थांबली. तो तिथेच वाढलेला, वडीलही तिथेच खेळलेले. विकणाऱ्याला एकच गिऱ्हाईक आहे हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असलं, तर भाव काय मिळणार? फेब्रुवारी २००० मध्ये सौदा झाला. सिअ‍ॅटलला मिळाले माइक कॅमरन, ब्रेट टोमको आणि दोन शिकाऊ खेळाडू. ३९८ होम रन मारलेल्या माणसाच्या बदल्यात हे! ग्रिफीच्या सेंटर फील्डमध्ये उभं राहण्याची शिक्षा कॅमरनच्या वाट्याला आली. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात त्याने कुंपणावरून उडी मारून यांकीजच्या डेरेक जीटरचा होम रन हवेतच हिरावून घेतला आणि गावाने त्याला आपलं म्हटलं. चाहत्यांची निष्ठा किती चंचल असते, हे मी दुसऱ्यांबद्दल बोलत नाही.

तिसरा रॉड्रिग्ज. सहा वर्षं भरली, करार संपला, तो फ्री एजंट झाला. ११ डिसेंबर २००० रोजी टेक्सास रेंजर्सने त्याच्याशी दहा वर्षांचा २५ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. टेक्सासचे मालक टॉम हिक्स यांनी अख्खा क्लब दोनच वर्षांपूर्वी सुमारे २५ कोटींना घेतला होता, म्हणजे एका शॉर्टस्टॉपची किंमत क्लबपेक्षा जास्त! तोवर कुठल्याही सांघिक खेळातला सगळ्यात मोठा करार बास्केटबॉलच्या केव्हिन गार्नेटचा होता, १२ कोटी ६० लाखांचा. हा त्याच्या बरोबर दुप्पट. सिअ‍ॅटलच्या हाती ड्राफ्टमधल्या वाढीव निवडींखेरीज काही लागलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये रॉड्रिग्ज पाहुणा म्हणून सिअ‍ॅटलला खेळायला आला, तेव्हा गॅलरीतून त्याच्यावर खोट्या नोटा उधळल्या गेल्या.

आता त्याच हिवाळ्यात आत काय आलं ते पाहा. जपानच्या ओरिक्स ब्लूवेव्हकडून इचिरो सुझुकी. तिथल्या तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे अमेरिकी क्लबांनी बंद पाकिटात बोली लावायची आणि सर्वांत मोठ्या बोलीला खेळाडूशी बोलण्याचा एकट्याचा हक्क. सिअ‍ॅटलने नुसत्या बोलण्यासाठी १ कोटी ३१ लाख २५ हजार डॉलर मोजले. क्लबची मालकी निन्टेंडोच्या हिरोशी यामाउची यांच्याकडे होती, त्यामुळे जपानकडे पाहण्याची नजर इतरांपेक्षा वेगळी असणार हे उघड. इचिरोने जपानच्या पॅसिफिक लीगमध्ये सलग सात वर्षं फलंदाजीतला पहिला क्रमांक राखला होता. तरी अमेरिकेतल्या जाणकारांना शंका होती की एवढ्याशा अंगाचा माणूस इथली गती पेलणार कसा. जपानहून पिचर येत होते, रोज खेळणारा फलंदाज कुणी आला नव्हता. शिवाय आला ब्रेट बून. सिअ‍ॅटलमध्येच सुरुवात करून नंतर गावोगाव फिरलेला हा दुसऱ्या बेसवरचा गडी ३२ लाख ५० हजार डॉलरवर, एका वर्षासाठी मिळाला. ही बातमी रॉड्रिग्जच्या गदारोळात कुणी नीट वाचलीही नसेल.

२००१ मध्ये मरिनर्सनी १६२ पैकी ११६ सामने जिंकले. १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी झाली. इचिरोने ३५० ची सरासरी राखत २४२ हिट्स मारले, ५६ बेस चोरले आणि पदार्पणाच्याच मोसमात सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही मान घेतले. बूनने ३७ होम रन आणि १४१ धावा आणल्या. जॉन्सनच्या बदल्यात आलेला गार्सिया संघाचा आघाडीचा पिचर झाला. त्याच सौद्यातला गिएन रॉड्रिग्जच्या जागी शॉर्टस्टॉपला उभा राहिला. कॅमरनने ११० धावा आणल्या. रॉड्रिग्जचं टेक्सास त्याच गटात तळाला होतं, ४३ सामने मागे.

इथे बहुतेक जण गोष्ट संपवतात: तारे जाऊ द्या, संघ उभा करा. आमच्या रेडमंड-बेलव्ह्यूकडच्या मराठी मंडळींत त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टच्या नोकरीसाठी आलेले बरेच जण आहेत. त्यांनी पाहिलेलं पहिलं बेसबॉल हेच, त्यामुळे ११६ हा दरवर्षीचा रतीब असतो अशी त्यांची कितीतरी दिवस समजूत होती. पण ‘तारे जाऊ द्या’ या तात्पर्याला मोठी भोकं आहेत. ऑक्टोबरातल्या बाद फेरीत यांकीजनी या ११६ वाल्यांना पाचच सामन्यांत घरी पाठवलं. त्या यांकीजना वर्ल्ड सिरीजमध्ये कुणी हरवलं? अ‍ॅरिझोनाने, आणि त्यांचे चारपैकी तीन विजय रँडी जॉन्सनच्या नावावर लागले. सहा महिने रोज जिंकायला भरलेला संघ लागतो. ऑक्टोबरातल्या एका रात्रीला कधी कधी एक राक्षस लागतो, आणि तो आपण देऊन टाकलेला असू शकतो.

माझं म्हणणं मात्र त्यानंतरच्या हिवाळ्यांबद्दल आहे. कारण सिअ‍ॅटलचा ऱ्हास तारे गेले तेव्हा सुरू झाला नाही. तो सुरू झाला कुणी मोठं गेलं नाही तेव्हा.

११६ जिंकलेल्या संघात बदल कुणी का करावा? तिसऱ्या बेससाठी कोलोराडोहून जेफ सिरिलोला आणलं, पण तो कोलोराडोच्या विरळ हवेतला फलंदाज सिअ‍ॅटलच्या दमट हवेत पार मावळला. इतर किरकोळ भरती झाली, आणि बाकी तोच संघ एक वर्षाने म्हातारा होऊन परतला. एडगर मार्टिनेझ ३९ चा, पिचर जेमी मोयर त्याच्याही पुढे, जॉन ओलेरूड आणि बून तिशी ओलांडलेले. २००२ मध्ये ९३ विजय, २००३ मध्ये पुन्हा ९३. दोन्हीदा ऑक्टोबर हुकला. जुलैच्या मुदतीला इतर संघ बंदुका भरून येत होते, तेव्हा गिलिक स्वस्थ होते. माणूस कच्चा नव्हता. टोरंटोला त्यांनी दोनदा विजेतेपद दिलं होतं, पुढे २००८ मध्ये फिलाडेल्फियालाही दिलं. पण ९३ हा आकडा फसवा असतो. तो छातीठोक सांगतो की सगळं ठीक आहे. २००४ मध्ये एकदम ६३.

आणि ज्याला तेव्हा ठेवायला हवा होता, नेमका तो गेला. जानेवारी २००४ मध्ये नव्या व्यवस्थापनाने गिएनला डेट्रॉइटला जवळजवळ फुकट दिलं. त्याच वर्षी तो ऑल-स्टार झाला. त्यावर कडी झाली २००८ मध्ये. आदल्या वर्षीच्या ८८ विजयांनी हुरळून क्लबने बाल्टिमोरच्या एरिक बेडार्ड या पिचरसाठी पाच खेळाडू दिले. त्यांतले अ‍ॅडम जोन्स, क्रिस टिलमन आणि जॉर्ज शेरिल असे तिघे पुढे ऑल-स्टार झाले. बेडार्डने त्या वर्षी ६ सामने जिंकले, संघाने १०१ गमावले. पगारावर दहा कोटी डॉलरहून जास्त खर्चून शंभर सामने हरणारा तो पहिला क्लब. गावाने ज्या ट्रेडवर बोंब मारली, त्यांतून ११६ उगवले. या दोन ट्रेडच्या वेळी तशी बोंब झाल्याचं मला आठवत नाही. बेडार्डच्या वेळी तर मी स्वतः खूश होतो.

२००१ नंतर बाद फेरीचं तोंड दिसायला २०२२ उजाडलं. कॅल रॅलीच्या एका होम रनने एकवीस वर्षांचा दुष्काळ संपवला. वर्ल्ड सिरीज मात्र अजून दूरच. तीस क्लबांत तिथवर एकदाही न पोहोचलेला हा एकच क्लब. २०२५ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या आदल्या फेरीत सातव्या सामन्यापर्यंत गाडी गेली आणि टोरंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने सातव्या इनिंगमध्ये तीन धावांचा होम रन मारून ती ४-३ ने उलटवली.

म्हणून या हिवाळ्याकडे मी जरा धास्तीनेच पाहतो आहे. जॉश नेलरला पाच वर्षांसाठी ९ कोटी २५ लाख डॉलर देऊन पहिल्या बेसवर कायम केलं. पायाने मंद असूनही नुसत्या अक्कलहुशारीने त्याने मोसमात ३० बेस चोरले. करार संपताना तो तेहतिशीत असेल. जड अंगाचे फलंदाज या वयात लवकर खचतात, त्यामुळे शेवटचं वर्ष महाग पडणार. तरी हा सौदा मी केला असता. होर्हे पोलांको मात्र गेला. डेट्रॉइटविरुद्ध पंधराव्या इनिंगमध्ये सामना जिंकून देणारा त्याचा फटका ज्यांनी पाहिला, त्यांना हे जाणं झोंबलं. मेट्सने त्याला दोन वर्षांचे ४ कोटी दिले. वय ३२, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि दुसऱ्या बेसवर रोज उभं राहण्याइतके पाय उरले आहेत का, ही शंका. ओरड पुष्कळ झाली. मी या वेळी ओरडणाऱ्यांत नाही. ते चार कोटी आता कुणावर खर्च होतात, की नव्वद विजयांच्या समाधानात तसेच पडून राहतात, तेवढं मात्र मी फेब्रुवारीपर्यंत विचारत राहणार आहे.