मेदोकची तांबडी वाइन

षड्रसांपैकी गोड, आंबट, खारट, तिखट व कडू हे पाच रस आपण ताटात ओळखतो. सहावा जो तुरट, त्याला आपण बहुधा जेवणानंतरच्या सुपारीकडे लोटून दिले आहे. फ्रान्समधील मेदोक भागात हाच रस भर जेवणात मानाने बसलेला मी पाहिला. शाळामास्तराने मद्याविषयी बोलावे हे कोणास खटकेल. परंतु माझी सारी पुंजी तीन घोटांची आहे, एवढे ध्यानात घ्यावे.

बोर्दो शहराच्या उत्तरेस, जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावर मेदोकची चिंचोळी पट्टी आहे. जमीन वाळूगोट्यांची, पाहताच शेतकऱ्याने नाक मुरडावे अशी. पण तिच्यातून पाण्याचा निचरा त्वरित होतो व गोटे दिवसाची ऊब धरून ठेवतात. म्हणून उशिरा पिकणारे कॅबर्ने सोव्हिन्यों द्राक्ष तेथे साधते. आपल्या नाशिककडेही ही जात आता लावतात. मणी बारीक, साल जाड. आणि तुरटपणा देणारे टॅनिन असते ते सालीत व बियांत. म्हणून मऊपणासाठी तीत मर्लो जातीचा रस मिसळतात व २२५ लिटरांच्या ओकच्या पिंपात ती मुरवितात. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी येथील वाइनच्या पाच श्रेणी लावल्या, त्या अद्याप चालू आहेत. पोयाक गावच्या एका मळ्याला दुसरीतून पहिलीत चढविले ते १९७३ साली; ११८ वर्षे एकाच इयत्तेत बसलेला विद्यार्थी माझ्या तरी पाहण्यात नाही.

बोर्दोस स्थायिक झालेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे मी जेवावयास गेलो होतो. पहिला घोट रिकाम्या तोंडी घेतला आणि कच्चे जांभूळ चावल्यासारखी जीभ आखडली. मी विचारले, "अरे, ही नासली तर नाही ना?" तो हसून म्हणाला, "मास्तर, आधी एक घास घ्या." मी मांस खात नाही, म्हणून त्याने मुरलेल्या कठीण चीजचा तुकडा पुढे केला. दुसऱ्या घोटाला तीच वाइन मवाळ लागली. ब्लॅककरंट या काळ्या आंबटगोड फळाचा स्वाद, मागून देवदाराचा सुवास आणि, काय सांगावे, नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा वास! चाळीस वर्षे तो वर्गात घेतला, पण पेल्यात भेटेल असे वाटले नव्हते.

हे घडते कसे? तुरटपणा ही खरे पाहता चव कमी व स्पर्श अधिक. लाळेतील प्रथिनांमुळे तोंड बुळबुळीत राहते. टॅनिन त्यांना पकडून त्यांच्या गुठळ्या करते आणि जीभ टाळूला कोरडी घासते. अन्नात प्रथिने व स्निग्धांश असला म्हणजे टॅनिन त्यांच्याशी गुंतते व लाळेची सुटका होते. कोऱ्या चहाचा तुरटपणा दुधाने मावळतो, तोही याच कारणाने. म्हणूनच पोयाकचे कोवळे कोकरू, किंवा द्राक्षवेलीच्या वाळल्या काड्यांवर भाजून शॅलट कांदा पसरलेले गोमांस, ही तिची तेथील परंपरागत जोडी. मासळीशी मात्र तिचे वाकडे. वाइनमधील लोह मासळीच्या तेलाशी मिळून तोंडात हिवस वास उठवते, असे जपानी संशोधकांनी २००९ साली दाखविले.

"ही वाइन खोलीच्या उष्णतेवर द्यावी" हे वचन थंड दिवाणखान्यांतले आहे. १६ ते १८ अंश तिला मानवतात. मुंबईच्या वैशाखात हे वचन पाळू नये.

राहिला तिसरा घोट. विद्यार्थ्यासाठी मी घरची लसणीची चटणी नेली होती. कुतूहलाने बोटभर चाखली व वर वाइन घेतली. तीत शेकडा तेरा-चौदा भाग मद्यार्क असतो, आणि मद्यार्क तिखटाची आग अधिकच भडकवितो. डोळ्यांत पाणी आले. पाण्याच्या पेल्याने काही उतार पडेना. तेव्हा यजमानीणबाईंनी निमूटपणे उरलेले चीज माझ्याकडे सरकविले, आणि मी ते सगळे संपविले.