दोन बॅटऱ्यांमधली 'टक्'

गेल्या आषाढीत तरडगावच्या मुक्कामी आमच्या दिंडीची पिकअप पहाटे सुरूच होईना. किल्ली फिरवली की सेल्फ नुसता टिकटिकायचा. रात्री कीर्तन उशिरापर्यंत चाललं, मग कुणीतरी अभंगांचा पेनड्राइव्ह लावून तसंच झोपून गेलं. गंमत अशी, की ॲम्प्लिफायरसाठी गाडीत दुसरी बॅटरी होती. वर्गणी काढून घेतलेली. तरी दोन्ही उतरल्या. शेवटी पंधरा-वीस माउलींनी धक्का मारला.

यंदा निघण्याआधी गाडी सासवड रस्त्यावरच्या एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, मग फाळक्याखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "काका, तुमच्याकडे दोन बॅटऱ्या नाहीतच. एकच आहे, मोठी."

आधीच्या कारागिराने प्लसला प्लस, मायनसला मायनस असं थेट जोडून दिलं होतं. दोन टाक्यांना नळी जोडावी तसं. एकीतून उपसलं की दुसरीतही पातळी खाली.

शिवाय जोडायची तार बारीक. मिस्त्रींनी गाडी सुरू ठेवून मीटर लावला: पुढे 14.2 व्होल्ट, मागे 12.9. मधला व्होल्टेज तारेने गरम होत खाऊन टाकलेला. मागची बॅटरी वर्षभर अर्धपोटीच राहिली होती, आणि आम्ही दुकानदाराला नावं ठेवत होतो.

दुपारभर मी तिथेच स्टुलावर बसलो. 25 स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची केबल चेसिसच्या कडेने, सायलेन्सरपासून लांब नेली. टोकांना लग दाबून बसवले, वर स्लीव्ह तापवून आवळली. अर्थिंगसाठी चेसिसवरचा रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत केलं. या घासण्यात त्यांचा जितका वेळ गेला, तितका इतर कशातच नाही. फ्यूज मात्र दोन. एक पुरेल ना, असं मी विचारलं. केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, मध्ये कुठे घासून शॉर्ट झाली तर आग दोन्हीकडून, म्हणून प्रत्येक बॅटरीपाशी एकेक.

मागे आता जाड प्लेटांची, सावकाश उतरणारी 100 अँपिअर-तासांची बॅटरी आहे. पुढची पातळ प्लेटांची. क्षणभर दोनशेक अँपिअर देऊन सेल्फ फिरवणं एवढंच तिचं काम. दोघींच्या मध्ये रिले. पुढे 13.3 व्होल्ट झाले, म्हणजे अल्टरनेटर चार्ज करू लागला, की तो जोडतो, 12.8 ला तोडतो. डायोड लावला असता तर स्वस्तात पडलं असतं, पण तो स्वतःच 0.6-0.7 व्होल्ट गिळतो. मिस्त्रींना ते पटत नाही.

मग चाचणी. इंजिन बंद, माइक सुरू. थोड्या वेळात 'टक्' झालं, रिले सुटला. क्लॅम्प मीटरवर बोलताना चार अँपिअर. ड्रायव्हरने पखवाजाचं रेकॉर्डिंग लावलं तेव्हा थापेसरशी पंधरावर उडी. सरासरी सात धरले आणि बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही म्हटलं, तर सातेक तास मिळतात. अर्ध्याखाली वारंवार नेली की तिचं आयुष्य घटतं.

तासाभराने किल्ली फिरवली. एका झटक्यात सुरू. काही सेकंदांनी पुन्हा 'टक्'.

"म्हणजे आता पेनड्राइव्ह रात्रभर चालेल?" ड्रायव्हरने विचारलं.

"गाडी सकाळी सुरू होईल," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "पण माणसांना झोपू द्या की, माउली."